लोकर जाळणाऱ्यांनो, आधी हिशोब मांडा



मृग तोंडावर आलाय, कातरणी सुरू झालीय आणि आमच्या माणदेशात तोच वास परत सुटलाय. लोकर जाळल्याचा. बांधाला ढीग घालायचा, काडी लावायची, झालं मोकळं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "कातरायची मजुरी जास्त, लोकरीचं येतंय कमी." त्यावर कुणीतरी सल्लागार येतो आणि सांगून जातो, "दख्खनी काढा, वजनाची जात आणा."

मजुरीचं खरं आहे, ते मी खोडत नाही. माझ्याकडं १४ मेंढरं आणि ३ एकर रान. लोकरीवर माझंही घर चालत नाही. पण 'भाव नाही म्हणजे कचरा' याच्याशी माझं भांडण आहे.

जळताना केस जळल्यासारखा वास का येतो? कारण लोकर म्हणजे प्रथिन. स्वच्छ लोकरीत वजनाच्या साधारण १६ टक्के नत्र असतं. घामाच्या क्षारातून पालाशही येतं. आता कृषी पदवीधर मित्र हसतील, म्हणून हिशोब मीच मांडतो. एका दख्खनी मेंढीची वर्षाची लोकर अर्धा-पाऊण किलो. १४ मेंढरांची धरा ८-९ किलो. माती-मळ वजा जाता नत्र किलोभर. म्हणजे दोन-सव्वादोन किलो युरिया. एवढंसं!

पण युरिया विरघळून जातो, लोकर सावकाश कुजते आणि तोवर ओल धरते. पोटाखालची, पायाची घाण लोकर मी पावसाआधी डाळिंबाच्या आळ्यात घालतो. कोरडी टाकायची नाही, चरबीमुळं ती सुरुवातीला पाणी झटकते. भिजवायची, पसरायची, वर माती ओढायची. उघडी ठेवली तर पाखरं घरट्याला नेतात. गावात हजार मेंढरं असतील तर दरवर्षी सहाशे किलो लोकर होते. तेवढी जाळायची आणि खताच्या रांगेत उभं राहायचं, हे कुठलं शहाणपण?

दिवाळीनंतरच्या कातरणीचं गणित वेगळं. मेंढरं ओढ्याला धुऊन मग कातरली की लोकर सुताच्या कामाची निघते. धनगरानं सूत काढायचं, सणगरानं मागावर विणायचं, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची, अशी घोंगडी होते. काळ्या लोकरीला रंग लागत नाही, तो मेंढीनंच दिलेला असतो. पांढरी-करडी निघेल तेवढीच रंगवायची.

आणि रंगासाठी एकरभर लागवड लागत नाही. दसऱ्यानंतर झेंडूचा दर पडला की आपण फुलं रस्त्यावर ओततो. तीच सावलीत वाळवा. तुरटीच्या पाण्यातून काढलेल्या लोकरीला झेंडूचा पक्का पिवळा चढतो. डाळिंबाची साल पिवळा देते, त्यात गंजल्या लोखंडाचं पाणी पडलं तर हिरवट काळा. शिमग्याला पळस आहेच. एकच पथ्य, पाणी खळखळ उकळू द्यायचं नाही आणि गरम-गार झटका द्यायचा नाही, नाहीतर लोकरीचा गोळा होतो.

'औषधी वनस्पती लावा, एकरी लाखो कमवा' म्हणणाऱ्या व्हिडिओवाल्यांना माझा एकच प्रश्न आहे. माल घेणारा कोण, ते लेखी देता का? अडुळसा माझ्याही बांधावर आहे. पण तो आहे कारण मेंढरू त्याला तोंड लावत नाही आणि कुंपण फुकटात होतं. घरच्या खोकल्याला पानं मिळतात ती वरकड.

आता जातीचं. माडग्याळ चांगलीच, तिच्या जागी. पण मांस वाढवायला दख्खनी मोडावीच लागते, हे खोटं आहे. फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या गॅरोल मेंढीचा जुळी देणारा जनुक दख्खनीत आणून 'सुवर्णा' तयार केली. पाया दख्खनीच राहिला. दहा-बारा मैल चालणारी, काटक, वाळल्या पाल्यावर तग धरणारी मेंढी घालवली तर परत कुठून आणणार?

गंमत बघा. मेंढीला काय किंमत म्हणणारा शेतकरीच धनगराला धान्य नाहीतर पैसे देऊन रानात मेंढरं बसवतो. लेंडीखताला पैसे मोजतो, लोकर मात्र जाळतो. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळली जाते. देवाला चालते, मातीला चालत नाही?

साहेब लोकांना विनंती आहे. मेंढीचा हिशोब फक्त जिवंत वजनावर मांडू नका. खत, लोकर, तण खाणं, सगळं एका पानावर घ्या. आळ्यात लोकर घातलेली दहा झाडं आणि न घातलेली दहा झाडं दोन हंगाम मोजा. मी चुकीचा निघालो तर आकडे दाखवा, मान्य करीन.

आणि शेतकरी भावांनो, यंदा दोनच पोती करा. एकात घाण लोकर, दुसऱ्यात स्वच्छ. पहिलं मातीला, दुसरं सुताला. दोन्हीतलं काही जमलं नाही तर पोतं कोरड्यात ठेवून द्या. काडी तेवढी लावू नका.