संकेतस्थळावर आहे, पण सापडत नाही

महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयाच्या अखेरीस तो संकेतस्थळावर उपलब्ध केल्याची ओळ असते आणि पुढे एक लांबलचक संकेतांक. तो हाताशी असेल तर निर्णय लगेच उघडतो. मात्र ज्याच्याकडे संकेतांक आहे, त्याच्याकडे बहुधा निर्णयाची प्रतही असते. अडचण आहे ती बाकीच्यांची. शेततळ्याच्या अनुदानाची अट शोधणाऱ्या शेतकऱ्याने कृषी विभागात पाहायचे, रोजगार हमीत की जलसंधारणात? संकेतस्थळ लहान असते तोवर चार मथळ्यांखाली सगळे मावते. कागद हजारांत गेले की वर्गवारी फक्त ती करणाऱ्यालाच कळते. अशा वेळी अंतर्गत शोधाची सोय ही पुढच्या टप्प्यात, निधी उरला तर करायची गोष्ट राहत नाही. ती प्रकाशनाचाच भाग होते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ हेच सांगते. नोंदी सूचीबद्ध आणि अनुक्रमित ठेवाव्यात, माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार व्हावा, आणि लोकांवर अर्ज करण्याची वेळ कमीत कमी यावी. पीडीएफ चढवून ठेवली पण ती कोणाला सापडत नाही, तर या कलमाचे पालन झाले असे मी मानत नाही.

इंग्रजीसाठी बनवलेली शोधपेटी आणून बसवली की मराठीत काम भागत नाही. साधी शोधयंत्रणा अक्षरांची जुळणी करते, आणि मराठी नाम वाक्यात मूळ रूपात क्वचितच राहते. शोधणारा ‘विहीर’ टाइप करतो. कागदात असते ‘विहिरीच्या’, ‘विहिरींसाठी’. इथे नुसता प्रत्यय लागलेला नाही, आतली दीर्घ वेलांटीही ऱ्हस्व झाली आहे. ‘शेतकरी’चे ‘शेतकऱ्यांना’ होते, ‘पाणी’चे ‘पाण्यापासून’. त्यामुळे शब्दाच्या सुरुवातीची अक्षरे जुळवण्याची युक्तीही इथे फसते. त्यात लोक ‘माहिती’ हा शब्द दोन-तीन तऱ्हांनी लिहितात, आणि वर्ष एका कागदात देवनागरी अंकांत तर दुसऱ्यात इंग्रजी अंकांत असते. याहून अवघड आहे ते डोळ्यांना न दिसणारे. ‘ऱ्ह’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या क्रमांनी लिहिता येते. ‘ॲ’साठी स्वतंत्र संकेत २००८ साली आला, त्याआधीचा मजकूर वेगळ्या जोडणीने टाइप झालेला आहे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. म्हणून ‘निकाल आढळला नाही’ असे उत्तर येते, माणूस समजतो की माहितीच नाही, आणि तालुक्याच्या कचेरीची वाट धरतो.

या सगळ्यावर उपाय आहेत, आणि ते नवेही नाहीत. भारतीय भाषांतील माहितीशोधाची चाचणी घेणाऱ्या ‘फायर’ उपक्रमाने २००८ पासूनच हिंदी आणि बंगालीबरोबर मराठी बातम्यांचा संग्रह अभ्यासकांना दिला. प्रत्यय छाटून मूळ शब्दापर्यंत गेल्यास मराठीतला शोध ठळकपणे सुधारतो, हे त्या संग्रहावरच्या अभ्यासांतून दिसले आहे. आयआयटी मुंबईत मराठी शब्दांचे अर्थजाल तयार झाले आहे. ‘अनुदान’ शोधणाऱ्याला ‘अर्थसहाय्य’ही दाखवायचे तर अशी साधने उपयोगी पडतात. ज्ञान आपल्याच विद्यापीठांत आहे. संकेतस्थळाच्या निविदेत त्याची अट घातली जात नाही, एवढेच.

‘गूगल आहे की’, हा नेहमीचा आक्षेप. तो निराधार नाही. अनेकदा गूगलच आधी उत्तर देते. पण फॉर्म भरल्यावरच उघडणाऱ्या याद्यांपर्यंत बाहेरची शोधयंत्रणा सहसा पोहोचत नाही. शिवाय लोकप्रिय पान वर आणणे हा तिचा धर्म आहे, लागू असलेला निर्णय वर आणणे हा नाही. शासन निर्णयांत शुद्धिपत्रके निघतात, पूरक पत्रे निघतात, जुने निर्णय अधिक्रमित होतात. रद्द झालेली अट वाचून कागदपत्रे गोळा करणाऱ्याचा हेलपाटा कोण भरून देणार? कोणता निर्णय कोणत्या निर्णयाने बदलला, याची नोंद संस्थेकडेच असते, आणि ती निकालासोबत दाखवणे तिलाच शक्य आहे. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. लोकांनी काय शोधले आणि त्यांना काय मिळाले नाही, याची यादी अंतर्गत शोधातून संस्थेच्या हाती येते. नावगाव न ठेवता ती दरमहा वाचली, तर लोकांची निकड कोणत्याही सर्वेक्षणाविना कळेल.

खर्चाचे कारण पटत नाही. ल्युसीनसारखी मुक्त शोधप्रणाली फुकट मिळते, आणि तिच्यात हिंदी आणि बंगालीसाठी तयार सोयही आहे. मराठीचे नियम लिहिणे हे काही महिन्यांचे काम आहे, धरण बांधण्याचे नाही. खरा कष्टाचा भाग जुन्या कागदांचा. स्कॅन केलेली पाने संगणकाच्या दृष्टीने नुसती चित्रे असतात, तर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांतल्या मजकुराची नक्कल केली की निरर्थक रोमन अक्षरे हाती येतात. टेसरॅक्ट हे मुक्त साधन छापील मराठी वाचते, पण चुका करते आणि तपासणीला माणसे लागतात. ती नेमावीत. चॅटबॉट येणार असल्याने शोधाची गरज संपेल, असेही आता ऐकू येते. पण चॅटबॉटलाही नेमका कागद आधी शोधूनच उत्तर द्यावे लागते. कागद सापडला नाही तर चॅटबॉट आत्मविश्वासाने चुकीचे सांगतो, आणि अनुदानाच्या अटीबाबत ते धोक्याचे आहे.

हे फक्त मंत्रालयापुरते नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ साली पहिला खंड निघालेला मराठी विश्वकोश आज संकेतस्थळावर आहे; विद्यापीठे, ग्रंथालये, महापालिका यांचे साठे वाढतच आहेत. या संस्थांच्या प्रमुखांना विनंती आहे: पुढच्या निविदेत मराठी रूपे, लेखनभेद आणि युनिकोडचे पर्याय ओळखणाऱ्या शोधाची अट घाला, आणि काम ताब्यात घेण्यापूर्वी कार्यालयाबाहेरच्या दहा माणसांना त्यांच्या शब्दांत दहा गोष्टी शोधायला सांगा. त्यांना सापडल्या नाहीत, तर ठेकेदाराचे देयक मंजूर करू नका.