बांगड्याचे कुळ आणि आमची लेखणी

मासळीबाजारातही मानाची उतरंड असते. पापलेट आणि विसवण, म्हणजे इतरत्र जिला सुरमई म्हणतात ती, पाहुण्यांसाठी, बांगडा घरच्यांसाठी. सोयरिकीच्या जेवणात बांगडा वाढला तर यजमानाला थोडा संकोच वाटतो. परंतु निसर्गाच्या वंशावळीत ही उतरंड मुळीच नाही. बांगडा आणि विसवण हे एकाच कुळातले, आणि पापलेट त्यांचे चुलत भावंड. तिघांचा मूळपुरुष एकच.

एका बालरोगतज्ज्ञाने स्मरणिकेत माशांची वंशावळ का मांडावी, असा प्रश्न वाचकांना पडेल. कारण असे की, या कुळाचे नाव आपल्या वैद्यकातील एका आजाराला मिळाले आहे आणि तो आजार ओळखण्यात आपण डॉक्टर मंडळी वारंवार चुकतो. त्या चुकीची किंमत मात्र मुले मोजतात. 'माशांची ॲलर्जी, मासे कायमचे बंद' हे वाक्य आपल्या लेखणीतून फार सहज उतरते, हे माझे स्पष्ट मत आहे. ते वाक्य मीही लिहिले आहे.

प्रथम कुळाची ओळख. शास्त्रज्ञ या कुळाला 'स्कॉम्ब्रिडी' म्हणतात. त्यात पन्नासाहून अधिक जाती आहेत. बांगडा, विसवण, गेदर आणि ट्यूना म्हणजे आपला कुपा, हे सारे त्यातले. आपल्या बांगड्याचे शास्त्रीय नाव 'रास्ट्रेलिगर कानागुर्ता'. यातील 'कानागुर्ता' हा शब्द लॅटिन नव्हे, तेलुगू आहे. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरील मासे पाहून पॅट्रिक रसेल या वैद्याने १८०३ साली दोनशे माशांची सचित्र नोंद प्रसिद्ध केली. तीत कोळ्यांच्या तोंडचे हे नाव होते, आणि पुढे क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने तेच शास्त्रीय नामावलीत कायम केले. घोणस सापाला इंग्रजीत ज्याचे नाव आहे तोच हा रसेल. आपल्या व्यवसायबंधूंपैकी एकाने बांगड्याचे बारसे केले, असे म्हणावयास हरकत नाही.

या कुळाचा पूर्वेतिहास मोठा नाट्यमय आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आजच्या मेक्सिकोजवळ एक अशनी कोसळला. त्याच सुमारास इकडे दख्खनमध्ये ज्वालामुखीचा लाव्हा वाहत होता. सह्याद्रीचा काळा पाषाण ही त्याचीच साक्ष. त्या महाविनाशात डायनोसॉर गेले, तसेच खुल्या समुद्रातले अनेक मोठे शिकारी जलचरही गेले. दर्याचा तो विस्तीर्ण भाग जणू ओस पडला. २०१३ साली जपानच्या मासाकी मिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय पुराव्यांवरून असे मांडले की, बांगड्याचे कुळ आणि आणखी चौदा कुळे ही एकाच पूर्वजाची संतती असून तो पूर्वज बहुधा खोल समुद्रात राहणारा होता. महाविनाशानंतर त्याची लेकरे वर येऊन त्या मोकळ्या जागेत पसरली. या पंधरा कुळांत पापलेटचे कुळ आहे आणि पट्ट्यासारख्या लांब वागटीचेही आहे. बाह्यरूप इतके भिन्न की, पूर्वीचे अभ्यासक त्यांना वेगवेगळ्या गटांत घालीत असत. इटलीतील मॉन्ते बोल्का येथील सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत या कुळातील माशांचे सुंदर जीवाश्म मिळतात. म्हणजे तोवर घराणे चांगलेच स्थिरावले होते.

याउलट तलवारमासा. वेगवान, खुल्या समुद्रातला, दिसायला ट्यूनाच्या जवळचा, म्हणून त्याला पूर्वी याच घराण्याच्या आसपास बसवीत. जनुकीय पुरावा सांगतो की तो या घराण्याचा नव्हे. त्याचे जवळचे नाते चक्क तळाशी चिकटून राहणाऱ्या लेपोसारख्या चपट्या माशांच्या गटाशी आहे. रूपसाम्य म्हणजे नाते नव्हे, हा धडा इथे मिळतो. वैद्यकातही तो लागू पडतो.

आता मुद्द्याकडे वळतो. खुल्या समुद्रात लपायला खडक नाही, विसावायला तळ नाही. तेथे सतत आणि वेगाने पोहावे लागते. ट्यूना तर थांबला की त्याच्या कल्ल्यांतून पुरेसे पाणी वाहत नाही. अशा श्रमाने स्नायूंत आम्ल साचते. ते सौम्य करण्याच्या कामी या माशांच्या मांसातील हिस्टिडीन हे अमिनो आम्ल उपयोगी पडते, आणि बांगड्याच्या कुळात ते विपुल असते. मासा जिवंत असताना हे वरदान. मासा मेल्यावर तो बर्फाविना उन्हात राहिला, तर काही जिवाणू याच हिस्टिडीनचे हिस्टॅमिन करून टाकतात. ते एकदा तयार झाले की तळून, उकळून किंवा पुन्हा गोठवून नष्ट होत नाही. मासा दिसायला बरा, वासालाही कधी कधी बरा. आणि तो खाल्ल्यावर मात्र ॲलर्जीसारखीच लक्षणे! कारण ॲलर्जीत शरीर स्वतः हिस्टॅमिन सोडते, इथे ते ताटातून येते. यालाच 'स्कॉम्ब्रॉइड विषबाधा' म्हणतात.

हे नावही थोडे फसवेच आहे. तारली बांगड्याच्या कुळातली नाही, नात्याने फार दूरची. तरी तिच्याही मांसात हिस्टिडीन भरपूर असल्याने तिच्यातून हीच विषबाधा होते. उलट पापलेट चुलत भाऊ असूनही या बाबतीत कुप्रसिद्ध नाही. म्हणजे इथे रक्ताच्या नात्यापेक्षा मांसाची घडण आणि मासा पकडल्यानंतरची निगा महत्त्वाची. दोष बांगड्याचा नाही, तो होडीपासून तव्यापर्यंतच्या त्याच्या प्रवासाचा आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. किनाऱ्यावरच्या एका गावातून सहा-सात वर्षांच्या मुलाला रात्री माझ्याकडे आणले. चेहरा आणि कान लालबुंद, अंगावर चट्टे, डोके दुखते, तोंडात आग होते. तासाभरापूर्वी बांगड्याचे हुमण आणि भात जेवला होता. मी औषध दिले, मूल दोन-तीन तासांत सावरले. निघताना कागदावर लिहिले, 'माशांची ॲलर्जी. सर्व मासे कायम वर्ज्य.' घर खारव्यांचे होते. बाप दर्यावर जाणारा. त्या घरात त्या दिवसापासून मुलासाठी वेगळी चूल नव्हे, पण वेगळे पातेले आले.

सात-आठ वर्षांनी तोच मुलगा शाळेच्या क्रीडास्पर्धांसाठी प्रमाणपत्र घ्यावयास आला. सोबत आजी होती. जुना कागद त्यांनी जपून ठेवला होता. सहज बोलता बोलता आजीने सांगितले की, त्या रात्री तिचेही तोंड भाजल्यासारखे झाले होते, छातीत धडधडत होते. तिरफळे जास्त पडली असतील असे तिला वाटले. हे तेव्हा का सांगितले नाही, असे विचारल्यावर ती हसून म्हणाली, "दोतोर, म्हाका कोण विचारता?" तिने ते सहज म्हटले, मला मात्र ते लागले, कारण ते खरे होते. मी विचारलेच नव्हते. एकाच पातेल्यातले जेवलेली दोन माणसे आजारी पडली होती, आणि मी एकालाच पाहून निदान केले होते.

पुढे रीतसर तपासण्या झाल्या. रुग्णालयात, देखरेखीखाली, त्या मुलाला आधी पापलेट आणि मग ताजा बांगडा देण्यात आला. काहीही झाले नाही. बापाच्या होडीतला मासा त्या मुलाने बालपणाची सात-आठ वर्षे खाल्ला नाही, तो माझ्या एका ओळीमुळे.

व्यवसायबंधूंना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, असे मूल समोर आले की चार प्रश्न विचारावेत. तोच मासा आणखी कोणी खाल्ला, आणि त्यांना काही झाले का? हा मासा मुलाने पूर्वी किंवा नंतर विनातक्रार खाल्ला आहे का? मासा केव्हा, कोठून आणला, त्यावर बर्फ होता का? खाताना जिभेला चुरचुरले का? खऱ्या ॲलर्जीत ताजा मासाही बाधतो आणि पुनःपुन्हा बाधतो; पुष्कळदा एकाहून अधिक जातींचे मासे बाधतात, कारण पार्व्हाल्ब्युमिन हे प्रथिन बहुतेक माशांत असते. विषबाधेत मात्र तो एकच घाणा दोषी असतो. रक्तातील ट्रिप्टेज विषबाधेत वाढत नाही. परंतु ते सामान्य आले म्हणून अन्नाची ॲलर्जी नाहीच, असे मात्र म्हणता येत नाही. क्षयासाठी आयसोनियाझिड घेणाऱ्या रुग्णांत हिस्टॅमिनचा निचरा मंदावतो, हेही ध्यानी ठेवावे.

काही मित्र म्हणतील, 'एवढी उठाठेव कशाला? मासे बंद केले की धोका संपला. सावधगिरीत गैर काय?' हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचा मी अनादर करीत नाही. श्वास लागणे, घसा किंवा जीभ सुजणे, रक्तदाब उतरणे, अशी लक्षणे असतील तर चर्चेला वेळ नाही. ॲड्रिनलिन आधी, वंशावळ नंतर. आणि निर्णायक तपासणी होईपर्यंत मासे बंद ठेवणे हेही योग्यच. घरच्या घरी 'थोडे खाऊन पाहू' असा प्रयोग कोणीही करू नये.

परंतु तात्पुरती सावधगिरी आणि जन्मभराची बंदी यांत फरक आहे. बंदी फुकट नसते. बांगडा म्हणजे स्वस्तात मिळणारी उत्तम प्रथिने, बी-१२ आणि मेंदूच्या वाढीस उपकारक अशी ओमेगा-३ मेदाम्ले. तो प्लवक खातो, अल्पायुषी असतो. त्यामुळे दीर्घायुषी मोठ्या शिकारी माशांत जसा पारा साठतो तसा त्याच्यात साठत नाही. अमेरिकेत गरोदर स्त्रियांना आणि मुलांना जे मासे टाळावयास सांगतात, त्यांत 'किंग मॅकरेल' आहे, आणि तो विसवणीच्या जवळचा नातलग आहे. म्हणजे लहान मुलाच्या ताटाच्या दृष्टीने पाहुण्यांसाठीच्या बड्या माशापेक्षा घरचा बांगडाच सरस ठरतो. आपण तो बंद करतो आणि त्याच मुलाला ओमेगा-३ ची महागडी बाटली लिहून देतो! किनाऱ्यावरच्या मुलाला मासे वर्ज्य करणे म्हणजे त्याला घरातल्या पंगतीतून उठवणे होय, हेही विसरता कामा नये.

म्हणून माझी सूचना साधी आहे. 'कायम वर्ज्य' असे लिहिण्याऐवजी 'तात्पुरते बंद' असे लिहावे आणि पुढे फेरतपासणीची तारीख घालावी. संशय विषबाधेचा असेल तर कागदावर तसे स्पष्ट नमूद करावे. आणि त्या घरातील वडीलधाऱ्या बाईला, जिने स्वतः रांधले आणि सर्वांत शेवटी जेवली, आवर्जून विचारावे.

गृहिणींना आणि गृहस्थांनाही एक विनंती. बांगडा घेताना भावाची घासाघीस करा, पण बर्फाची करू नका. बर्फात ठेवलेला मासा घ्या, तो वाटेत तापू देऊ नका, घरी येताच साफ करून शीतकपाटात ठेवा. दुपारभर ओट्यावर राहिलेला बांगडा मसाल्याने शुद्ध होत नाही.

ज्या घराण्याने पृथ्वीवरचा महाविनाश पाहिला, ओस पडलेल्या दर्यात पुन्हा संसार मांडला आणि आमच्या ताटापर्यंत येऊन पोहोचले, त्याला एका घाईच्या ओळीने मुलाच्या आयुष्यातून हद्दपार करण्याचा अधिकार आपल्याला नाही. तो मुलगा आज बापाबरोबर दर्यावर जातो. पावसाळ्यातील मासेमारीबंदी उठल्यावर बांगड्याचा पहिला वाटा तो माझ्या घरी आणून देतो, भरपूर बर्फ घालून. तो हाती घेताना मला दरवेळी तो जुना कागद आठवतो.