'हॅड'चा सुळसुळाट

मंडळी, आज जरा भांडायच्या मूडमध्ये आहे. भांडण इंग्रजीतल्या एका शब्दाशी: हॅड.

ऑफिसातला कुठलाही ईमेल उघडा. 'आय हॅड सेंट द फाईल यस्टरडे.' 'वी हॅड डिस्कस्ड धिस ऑन मंडे.' काल पाठवली, सोमवारी बोललो, एवढंच सांगायचंय ना? मग 'आय सेंट', 'वी डिस्कस्ड' पुरे की! पण नाही. भूतकाळ दिसला की हॅड पेरायचाच, पोह्यांवर खोबरं पेरल्यासारखा.

याचं मूळ मराठीत आहे, पण दोष मराठीचा नाही. 'मी काल फाईल पाठवली होती' हे मराठीत अगदी बरोबर. त्या 'होती'मध्ये 'का, मिळाली नाही?' असा सूर असतो आणि तो आपल्याला न शिकवता कळतो. घोळ घातला तो गाईडांनी आणि स्पोकन इंग्लिशच्या क्लासेसनी. 'केले होते' म्हणजे 'हॅड डन', घोका! मराठीतला तो पूर्ण भूतकाळ आणि इंग्रजीतलाही पूर्ण भूतकाळच. दोन वेगळ्या फंक्शन्सना एकच नाव दिलं तर बग येणारच ना राव!

हान्स रायखेनबाख या तत्त्वज्ञाने १९४७ सालच्या पुस्तकात काळ समजवायला तीन बिंदू मांडले: बोलण्याची वेळ, घटनेची वेळ, आणि जिथे उभं राहून आपण घटनेकडे बघतो ती वेळ. साध्या भूतकाळात शेवटचे दोन एकच असतात. हॅड आला की घटना त्या बघण्याच्या वेळेच्याही आधीची. आणि तशी वेळ आगेमागे कुठे दिलेलीच नसेल तर? नल पॉइंटर.

'अर्थ कळला ना, मग झालं' म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. सर्व्हर पडल्यानंतरचा रिपोर्ट: 'व्हेन द सर्व्हर क्रॅश्ड, वी रीस्टार्टेड द डेटाबेस.' म्हणजे सर्व्हर पडला, तुम्ही धावलात. आता हॅड घाला: 'व्हेन द सर्व्हर क्रॅश्ड, वी हॅड रीस्टार्टेड द डेटाबेस.' म्हणजे तुम्ही आधी डेटाबेस रीस्टार्ट केलात, आणि मग सर्व्हर पडला! पहिल्या वाक्यात तुम्ही डॉक्टर, दुसऱ्यात संशयित आरोपी. रात्रभर जागून सिस्टिम उभी करायची आणि सकाळी क्लायंटने विचारायचं, 'रीस्टार्ट करायला सांगितलं कोणी?'

यावर ठरलेलं उत्तर येतं: हे आपलं इंडियन इंग्लिश, साहेबाची गुलामी कशाला? अहो, 'प्रीपोन' मलाही लाडका आहे, 'आउट ऑफ स्टेशन' तर मी खुशाल वापरतो. त्यांनी अर्थ कुठेच बिघडत नाही. हॅड मात्र आधी काय आणि नंतर काय हे सांगायला असतो, आणि तो सगळ्याच क्रियापदांना लावला की कशाचंच काही कळत नाही. (दुसऱ्याचा हॅडवाला ईमेल फॉरवर्ड करून खिदळणाऱ्यांनाही माझा पाठिंबा नाही. त्यांच्यातल्या किती जणांना कारण सांगता येईल, कोण जाणे.)

आणि शंका असेलच तर 'आफ्टर' किंवा 'बिफोर' घालून साधा भूतकाळ लिहावा. 'वी रीस्टार्टेड द डेटाबेस आफ्टर द सर्व्हर क्रॅश्ड.' यावर क्लायंट बाकी काहीही विचारेल, पण आधी काय झालं हे विचारणार नाही.