बेदखल झालेला माणूस दुसऱ्याला बेदखल का करतो?



11 एप्रिलला आपल्या कार्यक्रमांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले." खरं आहे. 1841 ते 1847 या काळात ते तिथे शिकले. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन हेही स्कॉटिश मिशनरीच. 1843 मध्ये त्यांनी आपल्या उत्तर कोकणातल्या वारली-कातकऱ्यांवर निबंध प्रसिद्ध केला. पण एवढ्यावरून "स्कॉटिश लोक म्हणजे शोषितांचे मित्र" असा निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल. हेच लोक समुद्रापार गेले तेव्हा काय झालं, ते आधी पाहू.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडचा डोंगराळ मुलूख म्हणजे हायलँड्स. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची शंभरएक वर्षं तिथे गावंच्या गावं उठवली गेली. जमीनमालकांना कुळांच्या खंडापेक्षा मेंढ्यांच्या लोकरीत जास्त नफा दिसला. 1814 मध्ये स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात घरं जाळल्याचा आरोप पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर झाला. 1816 मध्ये खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. ओळखीचं वाटतं ना? उठवणारे परके नव्हते. त्यातले बरेच त्यांच्याच कुळांचे सरदार होते.

हे बेदखल झालेले लोक आणि त्यांच्यासोबत नशीब काढायला निघालेले इतर स्कॉटिश लोक कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला गेले. तिथे त्यांनी शाळा, चर्च, बँका, विद्यापीठं उभी केली. पण जमीन कोणाची होती? ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँडमध्ये 1843 साली वॉरिगल क्रीक इथे गुनाई-कुर्नाई आदिवासींची कत्तल झाली. कत्तल करणाऱ्या टोळीचा म्होरक्या अँगस मॅकमिलन होता, असं इतिहासकार मानतात. हा हायलँड्सजवळच्या स्काय बेटाचा माणूस. कॅनडाचा पहिला पंतप्रधान जॉन मॅकडोनाल्ड ग्लासगोत जन्मलेला. आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडणाऱ्या निवासी शाळांची सरकारी व्यवस्था 1883 मध्ये त्याच्याच सरकारने उभी केली.

ज्याचं घर गेलं, त्यानेच दुसऱ्याचं घर घेतलं. का? बाबासाहेबांची श्रेणीबद्ध विषमतेची मांडणी इथे उपयोगी पडते. अशी व्यवस्था पिचलेल्या माणसालाही पायाखाली कोणीतरी देते आणि मग त्याचा राग वर जायचा थांबतो. साम्राज्याने हायलँडरला त्याची जमीन परत दिली नाही, दुसऱ्याची दिली.

आपल्याकडेही वेगळं घडलं नाही. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा स्कॉटिशच. सर्वांत खालच्या जातींची मुलं उत्तम विद्यार्थी ठरतात, हे मिशनऱ्यांचं निरीक्षण त्याने स्वतः नोंदवलं. तरीही त्यांना खास उत्तेजन देण्यात सावध राहावं, नाहीतर वरच्या जाती दुरावतील, असा सल्ला दिला. बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे 1928 मध्ये सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी याच टिपणाचा दाखला दिला.

आता बोईसरला या. तारापूर एमआयडीसीत मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आपले लोक पोटासाठी आले, गावकीचा जाच मागे टाकून आले. कोणी म्हणेल, "आम्ही कुठले वसाहतवाले? आम्ही कंत्राटी कामगार, दहा बाय दहाच्या खोलीत राहणारे." मान्य, सत्ता आपल्या हातात नाही. पण जहाजात बसलेल्या उपाशी हायलँडरच्या हातात तरी कुठे होती?

अणुऊर्जा केंद्राच्या 3 आणि 4 क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठले. बुलेट ट्रेनसाठी जमिनी गेल्या. 30 ऑगस्ट 2024 ला मच्छीमारांचा विरोध असताना वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. त्या वेळी आपल्या नाक्यांवर काय बोललं जातं? "यांना विकास नको." "हे लोक दारूत बुडालेत." मित्रांनो, ही भाषा सावकाराची आहे. आपल्या आजोबांबद्दल गावचा पाटील हेच बोलत होता.

वारल्यांचा इतिहास आपल्याला परका नाही. लग्नासाठी कर्ज काढलं म्हणून जमीनदाराच्या दारात जन्मभर राबणारा लग्नगडी आणि वतनाच्या नावाखाली फुकट राबणारा महार, दोघांची वेठ एकच. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्ये महार वतनाचं विधेयक आणलं आणि 1937 मध्ये खोतीविरुद्ध विधेयक मांडलं. वारली 1945 मध्ये उठले.

म्हणून नुसती "जय भीम, जय आदिवासी" ही घोषणा पुरणार नाही. आपल्यातल्या वकिलांनी 2006 च्या वनहक्क कायद्याखालचे दावे भरायला पाड्यांवर जावं. पेसा कायद्याखालच्या ग्रामसभेचा ठराव डावलला जाईल, तिथे निळा झेंडा आदिवासींच्या मागे उभा राहावा, पुढे नव्हे. कारखान्याच्या गेटवर स्थानिक विरुद्ध बाहेरचा हे भांडण लावणाऱ्या ठेकेदाराला एकत्र उत्तर द्यावं.

आपण अन्याय सोसला, एवढ्याने आपण न्यायी ठरत नाही. त्यासाठी समतेचं तत्त्व लागतं, आणि ते आपल्यापेक्षा दुबळ्या शेजाऱ्याशी वागताना पाळावं लागतं. स्कॉटिश शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या जोतीरावांनी 1848 मध्ये मुलींसाठी शाळा काढली. मिळालेलं दार त्यांनी आपल्या मागे बंद केलं नाही. आपणही करू नये.

जय भीम! जोहार!