करडा बर्फ

आमच्या कामणला थंडी पडते ती मफलर गुंडाळण्यापुरती. पहाटे तुंगारेश्वरच्या डोंगरावरून थोडे गार वारे उतरते, कामण रोड स्टेशनावर दिव्याच्या गाडीची वाट पाहणारी मंडळी कानटोप्या चढवतात आणि नऊ वाजता त्या पिशवीत जातात. अशा गावच्या माणसाने बर्फातल्या फोटोंवर लिहावे, हे आमच्या सौभाग्यवतींना पटलेले नाही. "अहो, कोणी विचारलंय का तुम्हाला?" असे ती म्हणालीही. विचारलेले नाही, हे खरे. पण हल्ली ओळखीपाळखीत काश्मीर नाहीतर मनाली करून आले नाही असे घर विरळा, आणि दिवाळीच्या फराळाबरोबर त्या सहलीचे फोटो पाहावे लागतात. त्यांत बर्फ राखेसारखा आणि माणसे कोळशासारखी दिसली की मला राहवत नाही. कारण तो अपराध माझ्या हातूनही घडलेला आहे.

१९८६ च्या मे महिन्यात रजा-प्रवास सवलतीवर आम्ही आईला काश्मीरला नेले. गुलमर्गहून घोड्यांवर बसून खिलनमर्गला चढलो. तिथे तेव्हाही बर्फ शिल्लक होता. "मी नाही बाई बसायची," असे चारदा म्हणून झाल्यावर आई नऊवारी सावरून, वर माझा कोट चढवून लाकडी स्लेजवर बसली. उतारावरून खाली येताना ती अशी हसली, की वडील गेल्यापासून तिला तसे हसताना मी पाहिलेच नव्हते. मी फोटो काढला. कॅमेरा उसना आणलेला, प्रकाश आपला आपण मोजणारा. घरी आल्यावर रोल धुऊन आला, तेव्हा बर्फ करडा आणि आईच्या जागी एक काळी आकृती! आई म्हणाली, "असू दे रे, मला ठाऊक आहे ना ती मीच आहे." १९९१ साली ती गेली. हसणाऱ्या आईचा आमच्याकडे तेवढाच फोटो, आणि त्यात तिचे तोंड दिसत नाही.

दोष कॅमेऱ्याला देण्यात अर्थ नव्हता. समोर आई आहे की आगगाडी, हे त्या बिचाऱ्याला कळत नाही. येणारा उजेड तेवढा मोजता येतो. जगावर पडलेल्या उजेडातला सरासरी शेकडा १८ भाग परत येतो, असे धरून त्याची आखणी केलेली असते. झाडे, रस्ते, भिंती, चारचौघांचे कपडे यांना हा हिशेब बरा चालतो. ताजा बर्फ मात्र शेकडा ८० ते ९० भाग परत फेकतो. कॅमेऱ्याला वाटते, उजेड फारच झाला! तो आत घेतो कमी, आणि बर्फाला ओढून आपल्या आवडत्या करड्या रंगावर आणतो. त्याबरोबर माणसांचे चेहरेही तेवढेच खाली जातात. आताचे मोबाईल हुशार आहेत, चेहरा ओळखून सांभाळून घेतात. पण गॉगल, कानटोपी आणि मफलर यांच्या गर्दीत त्यांना चेहरा सापडला तर!

म्हणून बर्फात कॅमेरा सांगेल त्याहून जास्त उजेड द्यायचा. कॅमेऱ्यावर अधिक-उण्याची खूण असते, ती अधिक एकवर न्यावी. म्हणजे उजेड दुप्पट होतो. लख्ख उन्हात दीडपर्यंत. मोबाईल असेल तर चेहऱ्यावर बोट टेकवावे आणि सूर्याचे चिन्ह दिसले की ते वर सरकवावे. फार पुढे गेलात तर बर्फ कोऱ्या कागदासारखा होतो आणि त्यावरच्या पावलांच्या खुणाही पुसल्या जातात.

हे सगळे मी शिकलो आमच्या बाजूच्या मिठागरात. नायगाव-भाईंदरच्या दरम्यान गाडीतून मिठागरे दिसतात, ती वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिली असतील. उन्हाळ्यात मिठाचे ढीग लागले की भर दुपारी तिकडे पाहवत नाही. अशा एका ढिगापुढे मी सौभाग्यवतींना मे महिन्यात, डोक्यावर पदर घेऊन, पाऊण तास उभे केले. त्या दिवशी घरी जेवणात मीठ नव्हते. विसरले होते की मुद्दाम, हे मी विचारले नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात यांच्यासह आम्ही पुन्हा गुलमर्गला गेलो. बर्फ भरपूर होता. (नशीबच म्हणायचे. पुढच्या वर्षी जानेवारीचा बहुतेक महिना तिथले मैदान उघडे पडले होते.) टंगमर्गला भाड्याचे कोट आणि गमबूट घेतले. स्लेज ओढणारे होतेच, पण नातीने हट्ट धरला बर्फावरच्या स्कूटरचा. पुढे चाकांऐवजी दोन घसरपट्ट्या, मागे रणगाड्यासारखा फिरणारा रबरी पट्टा. चालवणारा पुढे, आपण त्याला धरून मागे.

या वाहनाची गोष्ट मला माहीत होती, पण सर्वांच्या फेऱ्या होईपर्यंत मी ती घरात कोणाला सांगितली नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात व्हालकूर नावाचे गाव आहे. तिथला जोसेफ-आर्मां बोंबार्दिए हा यंत्रे जोडण्या-मोडण्यात रमणारा माणूस. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने आजारी पडला. रस्ते बर्फाने बुजलेले. इस्पितळापर्यंत नेता आले नाही, आणि मूल गेले. बर्फावर चालणारी गाडी करण्याचे त्याचे प्रयत्न आधीपासूनच चालू होते. १९३७ पर्यंत त्याने सात माणसांची गाडी विक्रीला आणली आणि १९५९ मध्ये ही हलकी स्कूटर. आज आपण जिच्यावर बसून आरोळ्या ठोकतो, ती अशा घरातून आलेली आहे.

फोटो समोरून काढू नये. एक तर चालवणाऱ्याचीच छाती तेवढी येते, आणि दुसरे म्हणजे वाटेत उभे राहणे जिवाशी खेळ. मी बाजूला, वाटेपासून लांब गुडघा टेकून बसलो आणि स्कूटरबरोबर कॅमेरा फिरवत राहिलो. सकाळी दहाचे तिरपे ऊन होते, त्यामुळे उडालेला भुगा चमकत होता आणि सावल्या निळ्या पडल्या होत्या. त्या निळ्याच असतात. सावलीत सूर्य पोचत नाही, आकाशाचा उजेड पोचतो. कॅमेऱ्याची जादा बॅटरी सदऱ्याच्या आतल्या खिशात, कारण गारठ्यात तिचा दम लवकर संपतो. हॉटेलात शिरण्यापूर्वी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला, म्हणजे आतल्या उबेने सुटणारे पाणी पिशवीवर धरते, काचेवर नाही.

एक चूक केलीच. "गॉगल काढ गं, चेहरा दिसू दे," असे मी नातीला ओरडून सांगितले. तिने काढला, आणि लगेच डोळे गच्च मिटले. सौभाग्यवती माझ्यावर अशी काही बरसली, की मी मुकाट्याने कॅमेरा खाली केला. ती म्हणत होती ते बरोबरच होते; त्या उजेडाने डोळे खरोखर दुखावतात.

परत आल्यावर जुना डबा उघडून १९८६ ची निगेटिव्हची पट्टी वसईतल्या एका फोटोवाल्याकडे नेली. आईचा चेहरा तिच्यावर अगदी विरळ उमटला होता. पण उमटला होता. त्याने संगणकावर बर्फ पांढरा केला आणि चेहरा हळूहळू वर काढला. दाणेदार, थोडा फाटल्यासारखा, पण आईच. तोंड उघडे, पुढचा एक दात पडलेला, आणि डोळे गच्च मिटलेले.

नातीने दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले.

"आजोबा, तुम्ही पणजीलापण गॉगल काढायला लावलात?"

"तिच्याकडे नव्हताच गं," मी म्हणालो.