मनाच्या दुखण्याला दूरध्वनीचा आधार

घरात कुणाला मधुमेह झाला की शेजारीपाजारीही पथ्यपाण्याची चर्चा होते. पण कुणी महिनोन्‌महिने झोपत नाही, बोलत नाही, तर ‘स्वभावच तसा’ म्हणून तो विषय उंबऱ्याच्या आतच मिटवला जातो. मुलीच्या लग्नात अडथळा नको, हे त्यामागचे न बोललेले कारण. निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढ मनोविकारग्रस्त आढळले आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना होते. डॉक्टरांचा तुटवडा हे त्याचे एक कारण. लाज हे दुसरे, आणि कदाचित अधिक मोठे.

या लाजेवरचा तोडगा म्हणून केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेकडे पाहायला हवे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ती सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक लावला की दिवसा वा रात्री, विनामूल्य, प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, मराठीतही बोलतो. गरज भासल्यास तज्ज्ञाशी वा जवळच्या रुग्णालयाशी गाठ घालून देतो. चेहरा दाखवावा लागत नाही. जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागाच्या दारात कुणी ओळखीचा भेटेल, या धास्तीने मागे फिरणाऱ्या कर्जबाजारी शेतकऱ्याला किंवा स्पर्धा परीक्षेतील अपयशाने खचलेल्या तरुणाला या आडपडद्याचे मोल विचारावे!

ज्या मोबाइलने झोप हिरावली त्याच्याकडेच औषध मागायचे काय, असे ज्येष्ठ मंडळी म्हणतील. आक्षेप अगदीच निराधार नाही. पण रात्रभर चित्रफिती सरकवणे आणि मध्यरात्री माणसाचा आवाज ऐकणे, या गोष्टी केवळ यंत्र एकच म्हणून सारख्या ठरत नाहीत. खरी सावधगिरी हवी ती यंत्रालाच समुपदेशक मानण्याबाबत. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ हा संवाद साधणारा संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो माणसाचीच वाक्ये उलटवून प्रश्न विचारी. तरीही लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागले, तेव्हा स्वतः निर्माताच अस्वस्थ झाला. आज यंत्रे कितीतरी चतुर झाली आहेत, म्हणून ती अस्वस्थता जुनी झालेली नाही.

फोन ठेवल्यानंतर रुग्णासोबत रुग्णालयात जाणे, गोळ्यांची वेळ सांभाळणे, हे घरच्यांनाच करावे लागते. तत्पूर्वी क्रमांक ठाऊक तर हवा! गणेशोत्सवाच्या मंडपात देणगीदारांच्या नावांचे भले मोठे फलक लागतात. त्यांच्या शेजारी हे पाच आकडे रंगवायला कोणत्याही मंडळाला वेगळी वर्गणी काढावी लागणार नाही.