दोन अल्बमची पुण्याई

‘अंडररेटेड’ हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकलाय. आवडता नट अंडररेटेड, कँटीनमधला चहा अंडररेटेड, कुठल्याशा वेब सीरिजचा दुसरा सीझनही अंडररेटेड. त्यामुळे एखाद्या बँडला हे विशेषण लावायचं तर आधी हिशेब मांडायला हवा: त्यांनी काय केलं, कधी केलं आणि श्रेय कुणाला मिळालं. गेले काही महिने मी ज्या स्वीडिश बँडचे अल्बम पुन्हा पुन्हा ऐकतेय, त्याच्या बाबतीत हा हिशेब नीट मांडता येतो. बँडचं नाव युकरिस्ट.

नाव वाचून आपल्यातले काही जण थबकतील. मी स्वतः कॅथलिक आहे, तेव्हा नावाचा प्रश्न टाळणार नाही. पण आधी संगीताबद्दल.

१९९०च्या आसपास गोथेनबर्ग शहर आणि त्याच्या परिसरातल्या काही पोरांनी डेथ मेटलमध्ये एक बदल केला. वेग तसाच ठेवला, गायकाचा घशातून येणारा खरखरीत आवाजही तसाच ठेवला, पण गिटारच्या हाती चाल दिली. दोन गिटार ठरावीक अंतर राखून एकच चाल सोबतीने वाजवतात. ही सवय आयर्न मेडनसारख्या जुन्या हेवी मेटल बँड्‌सकडून आलेली. आपल्या क्वायरमध्ये सोप्रानोच्या खाली आल्टो चालते ना, साधारण तसंच. म्हणजे इथे माणूस ओरडतो आणि गाणं गिटार गातात. याला मेलोडिक डेथ मेटल म्हणतात.

या प्रकाराचा इतिहास सांगताना तीन नावं येतातच: अ‍ॅट द गेट्स, डार्क ट्रँक्विलिटी आणि इन फ्लेम्स. ‘स्लॉटर ऑफ द सोल’ आणि ‘द गॅलरी’ १९९५चे, ‘द जेस्टर रेस’ १९९६चा. तिन्ही अल्बम मोठे आहेत, याबद्दल माझा वाद नाही. माझा वाद आहे तो यादी तिथेच संपते याबद्दल.

युकरिस्ट हा बँड १९८९मध्ये वेडिगे नावाच्या गावात सुरू झाला. हे गाव गोथेनबर्गच्या दक्षिणेला, फार छोटं. ‘अ व्हेल्वेट क्रिएशन’ हा त्यांचा पहिला अल्बम १९९३चा. डार्क ट्रँक्विलिटीचा पहिला अल्बमही त्याच वर्षीचा. इन फ्लेम्सचा ‘लूनर स्ट्रेन’ तर पुढच्या वर्षी आला. विशेष म्हणजे युकरिस्ट आणि इन फ्लेम्स या दोघांचेही पहिले अल्बम राँग अगेन रेकॉर्ड्‌स या एकाच छोट्या कंपनीने काढले. म्हणजे युकरिस्ट कुणाच्या मागून चालत आलेले नव्हते, पहिल्या रांगेतच होते. ड्रमर डॅनियल एरलँडसनचा जन्म १९७६चा. पहिला अल्बम आला तेव्हा तो आपल्या बारावीच्या मुलांएवढा होता. त्याचा भाऊ एड्रियन अ‍ॅट द गेट्सचा ड्रमर. पुढे डॅनियल आर्च एनिमी या बँडमध्ये गेला आणि जगभर माहीत झाला.

‘अ व्हेल्वेट क्रिएशन’ निर्दोष नाही. आवाज पातळ आहे, ड्रम्स कधी कधी घाई करतात, काही ठिकाणी पोरं आपल्याच कल्पनांच्या मागे धावताना दिसतात. पण कल्पना किती! गाणं एका जागी बसत नाही. सोपं धृपद पकडून तेच चार वेळा म्हणायचं, हा प्रकार जवळजवळ नाहीच. एक चाल मांडायची, ती पुरती कानात बसायच्या आत दुसरी आणायची, आणि दोन्हींमध्ये एक विलक्षण उदासी धरून ठेवायची. पुढे हाच प्रकार लोकप्रिय झाला तेव्हा गाणी आटोपशीर झाली, धृपदं आली, धारदार प्रॉडक्शन आलं. इथे अजून काहीच ठरलेलं नाही. एखाद्या भाषेत व्याकरण लिहिलं जायच्या आधीची कविता वाचावी तसं वाटतं.

दुसरा अल्बम ‘मिररवर्ल्ड्‌स’ १९९७चा. इथे मुलं मोठी झालेली आहेत. गिटार आणि गायन सांभाळणारा मार्कस यॉनसन आणि ड्रम्सवर डॅनियल, दोघांनाही आता आपल्याला काय म्हणायचंय ते नेमकं कळलंय. आवाज भरीव आहे, ड्रम्सचा तोल पक्का आहे, आणि पहिल्या अल्बमची उदासी मात्र जशीच्या तशी. तोपर्यंत गोथेनबर्गचं नाव जगात गाजायला लागलं होतं. युकरिस्टने तेव्हा लागोपाठ दोन-तीन अल्बम काढले असते, दौरे केले असते, तर आज यादीत चार नावं असती असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पण हा बँड तुटत-जुळतच चालला होता आणि ‘मिररवर्ल्ड्‌स’नंतर तो थांबला. पुढचा अल्बम आला थेट २०२२मध्ये, पंचवीस वर्षांनी.

हे सगळं मी आपल्या मंडळाच्या अंकात का लिहितेय? कारण प्रश्न आपलाच आहे. साहित्याच्या वर्गात आपण ‘परंपरा’ शिकतो, पण परंपरेत कोण राहतं आणि कोण गळतं हे फारसं विचारत नाही.

मर्ढेकरांचे कवितासंग्रह मोजून तीन: ‘शिशिरागम’, ‘काही कविता’ आणि ‘आणखी काही कविता’. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७मध्ये आलं आणि कोलटकरांची पुढची मराठी पुस्तकं आली ती २००३मध्ये. सव्वीस वर्षांचं अंतर! तरी त्यांना कुणी विसरलं नाही. मराठी वाचकाने कवीकडे कधी दरवर्षी एक पुस्तक मागितलं नाही. पण इथे एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. कवितेला एक माणूस आणि एक वही पुरते. बँडला तीन-चार माणसं लागतात, त्यांचं एकमेकांशी पटावं लागतं, सरावाला जागा लागते, स्टुडिओचे पैसे लागतात. कवी गप्प बसला तरी कवी राहतो. बँड गप्प बसला की दुकानातून, पोस्टरवरून आणि आता प्लेलिस्टमधून नाहीसा होतो. त्यामुळे संगीताचा इतिहास बऱ्याचदा टिकलेल्यांचा इतिहास असतो, चांगल्यांचा असेलच असं नाही.

यावर एका मैत्रिणीने मला सरळ विचारलं, “अगं, खरंच एवढं चांगलं असतं तर टिकलं नसतं का?” हा युक्तिवाद सोयीचा आहे, म्हणूनच धोक्याचा आहे. टिकणं हा एक गुण आहे, मान्य. इन फ्लेम्सने वर्षानुवर्षं घाम गाळला, त्याचं फळ त्यांना मिळालंच पाहिजे. पण १९९३मध्ये कुणी काय वाजवलं हे २००३मध्ये कोण स्टेजवर होतं यावरून कसं ठरवणार? स्ट्रीमिंगने तर हा घोळ आणखी वाढवलाय. ‘गोथेनबर्ग’ शोधलं की तीच दहा गाणी समोर येतात, आपण तीच ऐकतो, आणि ऐकली म्हणून ती पुन्हा समोर येतात.

आता नावाबद्दल. डेथ मेटलवाल्यांनी नाव ठेवलं युकरिस्ट, म्हणजे आपल्या मिस्साच्या गाभ्याचा शब्द. ‘मिररवर्ल्ड्‌स’मध्ये तर ‘द युकरिस्ट’ नावाचं गाणंच आहे. खटकतं का? हो, थोडं खटकतं. आणि २०२२चा ‘आय अ‍ॅम द व्हॉइड’ ब्लॅक मेटलकडे झुकलेला, जास्तच काळोखी अल्बम आहे. मला तो लांबलेलाही वाटतो. पण फाउस्टस आत्मा विकतो म्हणून आपण मार्लो सिलॅबसमधून काढत नाही, आणि दान्तेच्या नरकात उतरताना कुणी आपल्याला श्रद्धा सोडायला सांगत नाही. आपल्याच बायबलमध्ये ८८वं स्तोत्र आहे, जे अंधारापाशीच संपतं. शेवटी दिलासाही नाही. मृत्यू, भीती आणि पोकळी यांबद्दल मोठ्याने बोलणं म्हणजे लगेच देवाची निंदा नव्हे. कुठे खटकतं आणि का खटकतं हे ऐकून ठरवावं. नाव वाचून अल्बम बंद करणाऱ्याला ते कधीच कळणार नाही.

शिवाय या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ आहे आभार मानणं. वेडिगेच्या पोरांच्या मनात तो होता की नाही, याच्याशी मला कर्तव्य नाही. ऐकणारी म्हणून माझ्याकडून मात्र तेवढं देणं लागतं.

ज्यांना ऐकायचंय त्यांच्यासाठी दोन व्यवहारी सूचना. सुरुवात ‘मिररवर्ल्ड्‌स’पासून करा, कारण तो कानाला लवकर रुळतो, ‘अ व्हेल्वेट क्रिएशन’ नंतर घ्या. आणि पहिल्या खेपेला शब्द पकडायच्या भानगडीत पडू नका. गायकाचा आवाज ढोलासारखा मागे राहू द्या आणि कान दोन्ही गिटारांवर ठेवा. दोन्ही अल्बम मिळून दीड तासाच्या आत संपतात. नाही आवडलं तर पुढच्या बैठकीत माझ्याशी भांडा. ऐकून आलेल्या कुणाशीही भांडायला मी तयार आहे.